कुलक्षय आणि माळढोक

एखादी प्रजाती नष्ट होते तेव्हा जगातून नेमके काय जाते, हा प्रश्न वरवर जीवशास्त्राचा दिसतो. त्याचे निम्मे उत्तर मात्र तत्त्वज्ञानाच्या दप्तरात आहे. एक पक्षी मेला तर काय गेले हे सांगता येते. एक शरीर गेले, एक प्राण गेला; पुनर्जन्म मानणाऱ्याच्या हिशेबी एका जीवाने देह बदलला. पण त्या प्रकारचा शेवटचा पक्षी मेला तर याहून आणखी काही जाते, असे जवळपास सर्वांनाच वाटते. ते ‘आणखी काही’ ही खरोखरची वस्तू आहे, की माणसाने सोयीसाठी ठेवलेले नाव आहे, याबद्दल मात्र एकमत नाही. आणि ते ठरल्याशिवाय ते वाचवण्याचे कर्तव्य कोणाचे, कशासाठी आणि कोणत्या किमतीला, हेही ठरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. १९७९ मध्ये माळढोकासाठी जे अभयारण्य जाहीर झाले त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोठ्या भागाबरोबर नगरचे कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासे हे तालुके त्यात धरले होते. एवढ्या क्षेत्रात गावे, शेते, बाजारपेठा, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या खरेदी-विक्रीत खातेदारांना अडचणी येऊ लागल्या आणि माळढोकाचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडू लागल्या. पुढे सीमांचा फेरविचार होऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. कागदावर अभयारण्य आकसत असताना पक्षी केव्हाच हटला होता. कालव्याचे पाणी पोचले तिथे माळ फोडून ऊस आला, विहिरी-बोअर आले तिथे फळबागा आल्या. राहिलेल्या माळावर झाडे लावण्याचे कार्यक्रम झाले, आणि झाडांची दाटी हीसुद्धा या पक्ष्याला अडचणच. याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. एकाच तालुक्यात या दोन गोष्टी असणे हा निव्वळ योगायोग आहे. प्रस्तुत प्रश्नाला मात्र तो फार उपयोगी पडतो.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. नर मीटरभर उंचीचा आणि पंधरा किलोपर्यंत वजनाचा असतो. मादी बरीच लहान. पायाला पुढची तीनच बोटे, मागचे बोट नाही, त्यामुळे फांदी पकडून बसणे त्याला जमत नाही. उघड्या माळावर चालणे, अडचण आली तर उडणे आणि पुन्हा माळावरच उतरणे, एवढाच त्याचा व्यवहार. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून खोल, घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरून त्याला ‘हूम’ असेही म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि ते एकटीच उबवते. वर्षाला एक अंडे, तेही जमिनीवर, म्हणजे कुत्रा, कोल्हा, मुंगूस, कावळा, गुरांचा पाय, कशानेही जाणारे. नजर बाजूंना चांगली, पण चालत्या दिशेने समोरचे कमी दिसते. त्यामुळे उडताना विजेच्या तारा चुकवता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०११ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात टाकले. आज जगात उरलेले पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानले जातात, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत.

या पक्ष्याच्या वर्गीकरणाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १८३१ मध्ये व्हिगर्स या आयरिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे तो ‘अर्डिओटिस’ या गटात गेला. याच गटात आफ्रिकेतला कोरी, अरबस्तानाकडचा आणि ऑस्ट्रेलियातला, असे त्याचे तीन भाऊबंद आहेत. लांब पाय आणि जमिनीवरचे चालणे पाहून पक्षिशास्त्रज्ञांनी या सगळ्या कुटुंबाला दीर्घकाळ सारस-क्रौंचांच्या गणात बसवले होते. मराठी माणसानेही त्याला ढोकांत जमा केले ते काहीसे याच न्यायाने. डीएनएच्या अभ्यासानंतर ते नाते टिकले नाही. आता त्यांचा स्वतंत्र गण मानला जातो, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात त्यांचे जवळचे सगे म्हणून पुढे आले ते कोकीळवर्गीय पक्षी आणि आफ्रिकेतले टुराको. डोळ्यांना जे साम्य दिसते ते नात्याचे असतेच असे नाही, हे वर्गीकरणशास्त्राला पुन्हा पुन्हा शिकावे लागले आहे.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण सॅलमँडर या उभयचर प्राण्याचे आहे. पालीसारखी शेपटी आणि बेडकासारखी ओली कातडी असलेले हे प्राणी महाराष्ट्रात नाहीत. भारतात ते फक्त पूर्व हिमालयाकडे आणि ईशान्येत सापडतात. १७२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या योहान याकोब शॉयख्झर या विद्वानाने एका जीवाश्म सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बायबलातल्या महापुरात बुडून मेलेल्या माणसाचा हा सांगाडा आहे असे त्याचे म्हणणे होते, आणि लॅटिनमध्ये त्याने त्याला नाव दिले ‘महापुराचा साक्षी मानव’. शॉयख्झर अडाणी नव्हता. वैद्य होता, निसर्गाचा चांगला अभ्यासक होता. पण पुराची कथा खरी असलीच पाहिजे, आणि खरी असेल तर त्यात मेलेली माणसे कुठेतरी दगडात असलीच पाहिजेत, ही श्रद्धा आधी होती. सांगाडा मागून आला. १८११ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युविए हार्लेमच्या संग्रहालयात गेला, छिन्नी घेऊन दगडाचा न फोडलेला भाग त्याने मोकळा केला, आणि आतून पुढचे पाय बाहेर आले. ते माणसाचे हात नव्हते. तो एक महाकाय सॅलमँडर होता. आजही त्या जीवाश्माच्या नावात शॉयख्झरचे नाव आहे, आणि जिवंत महाकाय सॅलमँडरांच्या गटाला ‘अँड्रियस’ म्हणतात. त्या ग्रीक नावाचा रोख माणसाच्या प्रतिमेकडेच आहे.

ही कथा धर्मश्रद्धेची टिंगल करण्यासाठी वारंवार सांगितली जाते. तेवढ्यासाठी तिची गरज नाही. तिच्यातून दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. वर्ग ठरवताना माणूस आपल्या मनातले दगडावर लादतो, हे खरे. आणि दगडाच्या आत जे असते ते शेवटी त्या लादण्याला विरोध करते, हेही तितकेच खरे. छिन्नीखाली बोटे माणसाची निघाली नाहीत. वर्गीकरण केवळ कल्पना असते तर तीही निघाली असती.

चीनमधल्या आजच्या महाकाय सॅलमँडरांनी हाच प्रश्न नव्याने उभा केला. मीटर-दीड मीटर लांबीचा हा प्राणी जगातल्या सर्वांत मोठ्या उभयचरांपैकी आहे आणि अतिसंकटग्रस्त आहे. खाण्यासाठी त्याची शेती होते. त्या शेततळ्यांतून लाखो प्राणी आहेत. शेतीत मुबलक आणि नदीत दुर्मीळ, म्हणून शेतीतले प्राणी नद्यांत सोडण्याचे कार्यक्रमही झाले. हे सगळे ‘एकच प्रजाती’ या समजुतीवर चालले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासात असे दिसले की वेगवेगळ्या नद्यांच्या खोऱ्यांतले हे प्राणी निदान पाच स्वतंत्र प्रजातींइतके एकमेकांपासून दूर आहेत. १९२४ मध्ये बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने एका नमुन्यावरून वेगळी प्रजाती नोंदवली होती. नंतर ते नाव मोडीत काढले गेले होते. २०१९ मध्ये ते पुन्हा खरे ठरले. म्हणजे एका नावाखाली अनेक वंश होते, आणि त्या एका नावाच्या भरवशावर शेततळ्यांत व नद्यांत त्यांची सरमिसळ करण्यात आली. काही वंश ओळखले जाण्याआधीच मिसळून गेले असण्याची शक्यता आहे. जीव लाखांनी वाढले, आणि तरीही काहीतरी नष्ट झाले. नष्ट झाले ते काय?

महाराष्ट्रात उभयचरांपुरते याचे जवळचे उदाहरण आंबोलीचे. सिंधुदुर्गातल्या त्या सड्यांवर राहणारा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला भेक २००९ मध्ये नवीन प्रजाती म्हणून नोंदला गेला आणि तोही अतिसंकटग्रस्त आहे. त्याचा चुलतभाऊ कोयनेचा. तो १९६३ मध्येच नोंदला होता, पण वेगळ्या गटात. दोघांसाठी नवा गट करावा लागला.

प्रजाती ही खरी वस्तू की नुसते नाव, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी जेवढा खल केला आहे तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. न्याय-वैशेषिकांच्या मते पुष्कळ गायी पाहून ‘ही गाय, हीही गाय’ असे जे एकसारखे ज्ञान होते त्याला बाहेर काहीतरी आधार असलाच पाहिजे. तो आधार म्हणजे गोत्व हे सामान्य, त्यालाच जाती म्हणतात. (समाजातल्या जातींशी या शब्दाचा येथे संबंध नाही.) ही जाती एक असते, नित्य असते आणि अनेक व्यक्तींत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहते. ती प्रत्येक गायीत संपूर्ण असते, वाटून गेलेली नसते. गाय जन्मते आणि मरते. गोत्व जन्मत नाही, मरत नाही. प्रलयात एकही गाय उरली नाही तरी गोत्वाला धक्का लागत नाही. बौद्धांना हे मान्य नव्हते. दिङ्नागाने, आणि त्याच्यानंतर सातव्या शतकात धर्मकीर्तीने, असे मांडले की बाहेर फक्त क्षणोक्षणी बदलणाऱ्या व्यक्ती आहेत. ‘गाय’ हा शब्द कोणत्याही सामान्य वस्तूकडे बोट दाखवत नाही, तो जे गाय नाही ते सगळे वगळतो. हाच अपोहवाद. हाताच्या पाच बोटांखेरीज सहावे ‘बोटपण’ पाहणाऱ्या नैयायिकाची पंडित अशोकाने केलेली थट्टा प्रसिद्ध आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयनाचार्यांनी या हल्ल्यांना उत्तरे दिली आणि कोणता धर्म जाती ठरतो व कोणता ठरत नाही याचे सहा बाध मांडले. एकाच व्यक्तीत राहणारा धर्म जाती होऊ शकत नाही, हा त्यांतला पहिला. आकाश एकच आहे, म्हणून आकाशत्व ही जाती नाही.

उदयनांच्या या नियमाची माळावर परीक्षा घेऊन पाहावी. सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोकांची संख्या दोन आकड्यांतून एका आकड्यात आली आणि पुढे एखादा पक्षी दिसणे हीच बातमी होऊ लागली. अशा एकट्या उरलेल्या पक्ष्यात माळढोकत्व होते की नव्हते? नैयायिकाचे उत्तर तयार आहे: भूतकाळातले आणि जगात अन्यत्र असलेले सगळे माळढोक धरले तर व्यक्ती अनेक आहेत, तेव्हा बाध लागत नाही; माळढोकत्व त्या पक्ष्यात पूर्ण आहे. तर्क निर्दोष आहे. पण त्यातून निघणारे सांत्वन कोणालाही नको असेल. शेवटचा पक्षी गेला तरी माळढोकत्व कायमच राहणार असेल, तर नष्ट काहीच होत नाही. फक्त नित्य जातीला राहायला घर उरत नाही. आणि बौद्धाच्या बाजूने गेले तर उलट अडचण. प्रजाती हे नावच असेल तर नाव मिटल्याचे दुःख कशाला? चार व्यक्ती गेल्या, एवढाच हिशेब. एका मताप्रमाणे प्रजाती कधीच मरू शकत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे ती कधी जन्मलीच नव्हती. नामशेष होणे ही घटना दोन्हींच्या जाळ्यातून निसटते.

याचा दोष त्या आचार्यांना देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोरचा प्रश्न ज्ञानाचा होता, जीवांच्या इतिहासाचा नव्हता. पश्चिमेतही लिनियसच्या काळापर्यंत प्रजाती ही ईश्वराने एकदाच घडवलेली आणि न बदलणारी मानली जात होती. १८५९ मध्ये डार्विनने तो पाया काढून घेतला, आणि त्या भरात प्रजाती व पोटप्रजाती यांतली रेषा बरीचशी सोयीची आहे असेही त्याने म्हटले. म्हणजे तिकडेही लंबक नित्यतेकडून नावाकडेच गेला. १९७४ मध्ये मायकेल गिसेलिन या जीवशास्त्रज्ञाने आणि काही वर्षांनी डेव्हिड हल या तत्त्वज्ञाने तिसरी वाट दाखवली. प्रजाती हा समान गुणांच्या वस्तूंचा वर्ग नव्हेच, ती स्वतःच एक व्यक्ती आहे, असे त्यांचे म्हणणे. तिला आरंभ असतो, विस्तार असतो, फाटे फुटतात, शेवट असतो. एखादा पक्षी माळढोक असतो तो माळढोकाचे गुण अंगी असल्यामुळे नव्हे. त्या विशिष्ट वंशात जन्मल्यामुळे. दुसऱ्या कुठल्या ग्रहावर हुबेहूब असाच पक्षी निपजला तरी तो माळढोक ठरणार नाही.

हे मत मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. घराण्याकडे पाहण्याची आपली रीत हीच आहे. घराणे हे नित्य तत्त्व नसते आणि नुसते नावही नसते. त्याला मूळपुरुष असतो, शाखा असतात, दत्तकाचे वाद असतात, आणि ते निर्वंश होऊ शकते. चिनी सॅलमँडरांच्या बाबतीत काय नष्ट झाले, याचे उत्तर या भूमिकेतून सरळ देता येते: लाखो व्यक्ती शिल्लक असतानाही काही शाखा खुंटल्या. नगरच्या माळढोकाबद्दलही तेच. महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थान इथल्या पक्ष्यांच्या डीएनएत तपासणीत मोठे भेद आढळलेले नाहीत. ‘जैसलमेरला आहेत ना, मग इथले गेले म्हणून काय बिघडले’ हा युक्तिवाद त्यावर उभा राहतो. जाती प्रत्येक व्यक्तीत संपूर्ण असते असे मानणाऱ्याला तो खोडता येणार नाही. वंश मानणाऱ्याला येतो: शाखा तुटली की ती तुटली, खोड शाबूत असले तरी.

आता धर्माचा प्रश्न. चौऱ्यांशी लक्ष योनींची पारंपरिक वाटणी सर्वांना ठाऊक असते: जलचर नऊ लक्ष, स्थावर वीस लक्ष, कृमी अकरा लक्ष, पक्षी दहा लक्ष, पशू तीस लक्ष, मानव चार लक्ष. आजच्या शास्त्राला पक्ष्यांच्या अकरा हजारांच्या आसपास प्रजाती माहीत आहेत, पण आकड्यांवरून परंपरेला कोंडीत पकडणे पोरकट होईल. तो आकडा मोजणीचा नाही, जीवाच्या फेऱ्याचा पल्ला सांगणारा आहे. खरी अडचण वेगळी आहे. योनी हा जीवाचा मुक्काम आहे. एखादी योनी बंद पडली तर जीव पुढच्या मुक्कामाला जातो. जीवांची बेरीज तीच राहते. या व्यवस्थेत प्राण्याला मारणे हे पाप आहे, पण प्रजाती संपणे ही वेगळी नोंद करण्याजोगी घटनाच नाही.

जैन दर्शनात अहिंसेची मांडणी सर्वांत काटेकोर आहे, आणि नगर जिल्ह्याला ती परकी नाही. स्थानकवासी संघाचे आचार्य आनंदऋषी (१९००–१९९२) याच जिल्ह्यातल्या चिचोंडीचे. तिथेही जीवांचे वर्गीकरण आहे, ते इंद्रियांच्या संख्येवरून: एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. नैतिक दृष्टीने ते फार अर्थपूर्ण आहे, कारण कोणाला किती वेदना होऊ शकते याचाच तो क्रम आहे. पण त्यात कुत्रा पंचेंद्रिय आणि माळढोकही पंचेंद्रिय. माळावरच्या मोकाट कुत्र्यांनी अंडी आणि पिले खाल्ली तर कोणाची बाजू घ्यायची, हे त्या क्रमावरून ठरत नाही. पांजरपोळ जीव सांभाळते. वंश सांभाळणे हे तिचे काम कधी नव्हते.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेवर जे दीर्घ विवेचन आहे ते या संदर्भात मुद्दाम वाचावे. ज्ञानी माणूस पाऊल कसे टाकतो हे सांगताना ज्ञानदेव पाण्यात हलकेच पाय ठेवणाऱ्या बगळ्याचा दाखला देतात; पाण्यावरची लाटही मोडू नये इतके ते जपून चालणे. पण त्याआधी त्यांनी एक कडक टीका केली आहे. यज्ञात पशू मारून त्यालाच अहिंसा ठरवणारे मीमांसक त्यांना मान्य नाहीत. झाडाच्याच फांद्या तोडून त्याच्या बुंध्याला कुंपण करावे तसला तो प्रकार, असे ते म्हणतात. आणि एका जीवाला बरे करण्यासाठी दुसऱ्या जीवांचा घात सांगणारा आयुर्वेदही त्यांच्या टीकेतून सुटलेला नाही. वैद्यकावर असा आक्षेप घ्यायला धैर्य लागते. तेराव्या शतकातल्या नेवाशात त्यांनी तो घेतला.

आजच्या संवर्धनाला हा आक्षेप थेट लागू होतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. राजस्थानात २०१९ पासून माळढोकाच्या कृत्रिम पैदाशीचा कार्यक्रम सुरू आहे. त्यासाठी माळावरच्या घरट्यांतली अंडी उचलून यंत्रात उबवली जातात. म्हणजे एकेका मादीचे एकुलते अंडे तिच्यापुढून काढले जाते. त्यातून निघालेला पक्षी पिंजऱ्यात वाढतो, माणसाला सरावतो आणि बहुधा मोकळ्या माळावर कधीच जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. माळावर कुंपणे घालून कोल्ह्या-कुत्र्यांना बाहेर ठेवले जाते. हे सगळे त्या त्या पक्ष्याच्या भल्यासाठी चाललेले नाही. त्याच्या वंशासाठी चालले आहे. ज्ञानदेवांच्या कसोटीवर ही अहिंसा नव्हे. फांद्या तोडून केलेले कुंपणच आहे. संवर्धनवाद्यांनी हे कबूल करायला हरकत नाही. त्यांचे समर्थन अहिंसेतून होत नाही. ते दुसऱ्याच आधारावर करावे लागेल.

तो आधार गीतेत आहे, पण लोक पाहतात त्या जागी नाही. पहिल्या अध्यायात अर्जुन शस्त्र टाकतो तेव्हा त्याचा युक्तिवाद केवळ ‘माणसे मरतील’ एवढा नसतो. तो कुलक्षयाबद्दल बोलतो. कुळ नष्ट झाले की कुळाचे धर्म नष्ट होतात, पिंड देणारे कोणी उरत नाही, मागचे पितरही निराधार होतात. मरणाऱ्या व्यक्तींच्या बेरजेपलीकडचे काहीतरी नष्ट होते, असे तो म्हणतो. दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण जे उत्तर देतात ते देहाबद्दल आणि आत्म्याबद्दल आहे: मरतो तो देह, आत्मा मरत नाही. हे उत्तर व्यक्तीच्या मरणाला पुरेसे असेल. कुलक्षयाला ते लागू पडत नाही, कारण कुळ हा देह नाही आणि आत्माही नाही. हा मुद्दा तिथे अनुत्तरित राहतो. टीकाकारांनी अर्जुनाचा मोह म्हणून तो बाजूला सारला. मोह म्हटले की उत्तर देण्याची जबाबदारी संपते.

तिसऱ्या अध्यायात मात्र त्याला पुन्हा स्पर्श होतो. आपण कर्म केले नाही तर हे लोक नष्ट होतील, प्रजांचा घात आपल्या हातून होईल, असे श्रीकृष्ण स्वतःबद्दल म्हणतात, आणि ज्ञान्यानेही कर्म का करावे याचे कारण देतात: लोकसंग्रह. जग विस्कटू नये, धरून राहावे, यासाठी केलेले काम. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) या कल्पनेवर सगळा भर दिला, आणि त्यातला ‘लोक’ माणसांपुरता आकुंचित करता येणार नाही हेही दाखवले. माळढोक वाचवण्याचे कर्तव्य भारतीय विचारात कुठे बसवायचेच असेल तर ते इथे बसते. जीवदयेत ते बसत नाही. बसवण्याचा अट्टहास केला की कुत्रा मोठा की पक्षी, या भांडणात ते अडकते. लोकसंग्रहात एका जीवाचे मोल दुसऱ्यापेक्षा जास्त मानावे लागत नाही. लाखो वर्षे चालत आलेला एक वंश आपल्या पिढीच्या हातून तुटू नये, एवढेच मानावे लागते. अर्थात लोकसंग्रहाच्या नावाखाली कोणाचाही बळी देता येतो, हा धोका त्यात आहेच. म्हणून तेराव्या अध्यायातली ती टीका बाजूला ठेवायची नाही, डोळ्यांसमोर ठेवून काम करायचे. अंडे उचलणाऱ्याला त्याची बोच राहिली पाहिजे.

हा बोजा कोणावर पडतो, तेही पाहिले पाहिजे. अर्जुनाच्या कुलक्षयात मरणारे आणि रडणारे एकाच घरातले होते. माळढोकाच्या वंशासाठी १९७९ पासून किंमत मोजली ती मात्र कर्जत-श्रीगोंद्याच्या कोरडवाहू खातेदाराने, ज्याला मुलीच्या लग्नासाठी जमिनीचा तुकडा विकताना कागद अडले. विजेच्या तारा ज्यांच्यासाठी गेल्या, साखर ज्यांनी खाल्ली, त्यांना ती मोजावी लागली नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकाच्या टापूत तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तोच आदेश सौर ऊर्जेच्या गरजेमुळे शिथिल केला आणि प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. तिथेही एका कर्तव्यासमोर दुसरे कर्तव्यच उभे होते. लोकसंग्रह सर्वांचा असेल तर त्याची वर्गणीही सर्वांकडून यायला हवी. ती एका तालुक्याच्या सातबाऱ्यावर टाकणे हा अधर्म आहे, आणि माळढोकाबद्दलचा या भागातला राग त्यातूनच आला आहे.

वर्गीकरणाचा आणखी एक प्रकार या सगळ्यात निर्णायक ठरला, आणि तो शास्त्रज्ञांनी केलेला नाही. महसुली दप्तरात जे पिकत नाही ते पोटखराबा. सरकारी नकाशात तेच पडीक. माळाला, म्हणजे गवत, काटेरी झुडपे, काळवीट, लांडगा, तणमोर आणि माळढोक यांच्या एका पूर्ण जगाला, त्या दप्तरात स्वतःचा रकाना नाही. कर्जत तालुक्यातच रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे, आणि तिथे काळवीट टिकले. माळढोकाला तेवढ्यावर भागत नाही. पैदास केंद्रातले पक्षी वाढले आणि उद्या त्यातले काही दक्षिणेकडे सोडायचे ठरले, तर सोडणार कुठे हा प्रश्न दर्शनांचा राहणार नाही, तलाठ्याचा होईल. जिल्ह्याच्या दप्तरात गवताळ माळाची नोंद ‘माळ’ म्हणूनच व्हावी आणि तो राखणाऱ्या गावाला त्याचा मोबदला मिळावा, ही मागणी नगरकरांनी आता लावून धरायला हवी.